लोण्याची गाय, दुसऱ्यांदा

काचेपलीकडे गाय उभी होती. पिवळी, अख्खी, खऱ्या गाईएवढी. काचेअलीकडे माणसांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिच्यात लेकुरवाळ्या बाया होत्या, बियाणं कंपन्यांच्या टोप्या घातलेले म्हातारे शेतकरी होते, काडीला टोचलेलं काहीबाही खाणारी पोरं होती. अर्ध्या तासाने आमची पाळी आली. भाच्याने माझा आणि गाईचा एकत्र फोटो काढला, मागच्यांनी पुढे सरकवलं आणि आम्ही बाहेर पडलो.

"कशी वाटली, मामा?"

"बरी आहे," मी म्हणालो. मनात म्हटलं, एवढ्यासाठी अर्धा तास? लग्नात जेवणाच्या टेबलावर बर्फाचा हंस ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. हंस वितळतो, ही वितळू नये म्हणून थंड पेटीत ठेवली, इतकाच फरक.

त्याच दिवशी दुपारी मी पुन्हा त्या रांगेत उभा राहिलो. या वेळी एकटा. भाच्याला वाटलं, मामांना ऊन लागलं. हे रसग्रहण त्या दुसऱ्या भेटीचं आहे. पण मधले चार तास कुठे गेले ते सांगितल्याशिवाय ते पुरं होणार नाही, कारण या शिल्पाची किल्ली शिल्पाजवळ नाही. ती पलीकडच्या गोठ्यात आहे.

जागा अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी, डे मॉइन. प्रसंग आयोवाची राज्य जत्रा. ही जत्रा पहिल्यांदा १८५४ साली फेअरफिल्ड नावाच्या गावात भरली. १८७८ मध्ये ती राजधानीत आली आणि १८८६ पासून आताच्या जागेवर भरते. दर ऑगस्टात अकरा दिवस चालते आणि दहा लाखांवर माणसं येतात. आपल्याकडे जत्रा म्हटली की आधी देव असतो, मग पाळणे आणि भेळ. इथे देव नाही. पण पाळणे आहेत, ट्रॅक्टरांच्या रांगा आहेत, मुरांबे आणि गोधड्यांच्या स्पर्धा आहेत, राज्यातला सर्वांत मोठा डुक्कर कोणाचा ते ठरवायची चढाओढ आहे. निवडणुकीच्या दिवसांत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार येऊन मतं मागतात आणि काडीवरची डुकराची चाप खाताना फोटो काढून घेतात. आयोवाच्याच फिल स्टाँग या लेखकाने १९३२ साली या जत्रेवर कादंबरी लिहिली आणि हॉलिवूडने तिच्यावर तीनदा सिनेमा काढला. एवढ्या पसाऱ्यात लोकांची सर्वांत लांब रांग मात्र १९०४ साली बांधलेल्या कृषी इमारतीत, लोण्याच्या गाईपुढे. देव नसलेल्या जत्रेतली ही दर्शनबारी.

आता गोठा.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. लहानपणी वडिलांबरोबर खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जायचो. रुमालाखाली बोटं पकडून सौदे व्हायचे आणि आम्हा पोरांना कळायचं फक्त इतकंच, की रुमाल उठला म्हणजे बैल विकला गेला. त्यामुळे गोठ्याचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळतात. इथेही वळले. त्या दिवशी दुभत्या गाईंची स्पर्धा होती आणि गोठ्यात तिची तयारी चालली होती.

पंधरासोळा वर्षांची एक मुलगी स्टुलावर चढून एका जर्सी गाईच्या पाठीवरचे केस कापत होती. आधी तिने कण्याच्या ओळीतले केस उभे विंचरले, त्यांच्यावर फवारा मारून ते कडक केले, मग डोळा गाईच्या पाठीच्या पातळीला आणून यंत्राने वरून एक एक केस छाटायला लागली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, की गाईच्या पाठीत जिथे किंचित खोलगटपणा होता तिथले केस ती लांब ठेवत होती आणि जिथे उंचवटा होता तिथले आखूड करत होती. खांद्यापासून शेपटीपर्यंतची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसावी, म्हणून. जिवंत गाईवर शिल्पकाम चाललं होतं.

मग त्या गाई रिंगणात आल्या. त्यांना चालवणारी मुलं पांढऱ्या शर्टात आणि पांढऱ्या पँटीत. मोरकी हातात धरून, गाईकडे तोंड करून, उलटी पावलं टाकत चालायचं. घाई नाही. गाईची मान वर, एक मागचा पाय किंचित मागे, म्हणजे कास नीट दिसावी. सकाळची धार मुद्दाम काढलेली नसते, कास भरलेली राहावी म्हणून. परीक्षक मधोमध उभा. तो गाईंना हात लावत होता, मागे जाऊन वाकून बघत होता, दहा पावलं लांब जाऊन पुन्हा बघत होता. शेवटी त्याने क्रम लावला आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन पहिली पहिली का आणि दुसरी दुसरी का, ते सगळ्यांसमोर सांगितलं. कारणं दिल्याशिवाय निकाल नाही. आपल्याकडच्या कितीतरी एकांकिका स्पर्धांत मी एवढी शिस्त पाहिलेली नाही.

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला गुणांचा हिशेब समजावला. शंभरापैकी ४० गुण एकट्या कासेचे. २५ गुण दुधाळपणाच्या ठेवणीचे, म्हणजे रुंद छाती, मोकळ्या बरगड्या, अंगावर फाजील मांस नसणं. मागच्या पायांचे आणि खुरांचे २०. आणि एकूण बांध्याचे १५. कास पोटाला वरून घट्ट धरलेली हवी, लोंबती नको. मागून पाहिलं तर उंच आणि रुंद. मधोमध स्पष्ट खोबण, म्हणजे दोन्ही बाजू नीट विभागलेल्या. चारही सड चौकोनात, सारख्या लांबीचे. पोटाखालून पुढे जाणारी दुधाची शीर ठसठशीत. माझे वडील बाजारात नेमकं हेच बघायचे, फक्त गुण मांडायचे नाहीत. जर्सी ही गाय तर आपल्याला परकीही नाही. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने १९६७ नंतर संकरित पैदास गावोगाव नेली, तेव्हापासून जर्सी हा मराठी शेतकऱ्याच्या तोंडातला शब्द आहे. खिल्लारवर जीव टाकणाऱ्या आमच्या घरातही रतीब जर्सीच्याच जिवावर चालायचा.

म्हाताऱ्याने उठताना विचारलं, लोण्याची गाय पाहिलीस का? पाहिली, म्हणालो. त्यावर त्याने विचारलं, कास पाहिलीस?

नव्हती पाहिली.

आता ती दुसरी भेट. यावेळी मी रांगेत शिरताना तोंडाकडून सुरुवात करायची नाही असं ठरवलं होतं. पेटीच्या काचा तिरप्या कोनातूनही गाय दाखवतात, आणि रांग सरकते तशी ती आपल्यासमोर हळूहळू वळत जाते. उभ्याने पाहणाऱ्याला हे शिल्प एका जागेवरून दिसत नाही. रिंगणातली गाय जशी परीक्षकाभोवती फिरते, तशी इथे गाय स्थिर आणि परीक्षक फिरता. रांग मला कटकट वाटली होती. ती या शिल्पाची मांडणी आहे.

मागून पाहिली. कास उंच धरलेली, दोन मांड्यांच्या मधली जागा भरून असलेली, मधोमध बोट फिरवल्यासारखी खोबण. सड चौकोनात. कासेच्या पृष्ठावर शिरांचं जाळं, जाड लोण्यात बारीक वळ्या चिकटवून उठवलेलं. आणि पोटाखाली, पुढच्या पायांकडे नागमोडी जात जात नाहीशी होणारी दुधाची शीर. सकाळी मी हिच्यासमोर हसत उभा होतो आणि हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं!

मग बाजूने. पाठ सरळ. कमरेची हाडं कातडीखालून वर आलेली, आणि त्यांच्यापुढे पोटाच्या कुशीतला तो खळगा, जो दुभत्या गाईत असतो आणि खाटकाच्या जनावरात नसतो. बरगड्या एकमेकींपासून सुट्या, मागे झुकलेल्या. मान लांब, बारीक, खांद्यात अलगद मिसळणारी. वशिंड नाही, गळ्याखाली झुलणारी पोळी नाही. आपल्या गाईची सवय असलेल्या डोळ्याला ती त्यामुळे काहीशी अपुरी वाटते, पण ती त्या जातीची ठेवणच आहे. आणि शेवटी तोंड. कपाळ बशीसारखं आत गेलेलं, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, नाकपुड्या रुंद. जर्सी.

इथे थांबावं लागतं. गोठ्यात जात ओळखायला सर्वांत सोपी खूण रंगाची. होल्स्टीन काळीपांढरी, जर्सी हरणाच्या रंगाची. लोण्याला एकच रंग. म्हणजे शिल्पकाराकडे जात सांगायला रंग नाही, फक्त आकार आहे. कपाळाचा उतार, हाडांचा बारीकपणा, डोळ्यांची जागा. आयोवाच्या या पेटीत आजवर जर्सी, होल्स्टीन, ब्राउन स्विस, गर्न्सी, आयरशायर आणि मिल्किंग शॉर्टहॉर्न अशा सहा जातींच्या गाई उभ्या राहिल्या. सहाही पिवळ्या. आणि काचेबाहेरच्या शेतकऱ्याने एका नजरेत जात ओळखली पाहिजे, ही अट. रेषेवर एवढा भार टाकणारं शिल्प मी फार पाहिलेलं नाही.

आता माध्यमाकडे. लोण्यात शिल्प करायचं म्हणजे काहींना पोरखेळ वाटेल. पण त्याला इथे दीडशे वर्षांची परंपरा आहे आणि ती स्वयंपाकघरातून सुरू होते. आर्कान्सा राज्यातल्या कॅरोलाइन ब्रूक्स या शेतकरी बाईने लोण्यात एका झोपलेल्या राजकन्येचा चेहरा घडवला आणि १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात मांडला. हत्यारं तिच्या घरातली. लोणी थापायची लाकडी पळी, काड्या, केरसुणीची हिरं आणि एक ब्रश. शिल्प दुधाच्या पसरट भांड्यात, खाली बर्फ. दुधाच्या भांड्यापासून काचेच्या शीतगृहापर्यंतचा प्रवास तिथून सुरू झाला.

शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या जत्रेत लोण्याची मस्तकं होतात. तिथे ९० पौंडांचा लोण्याचा ठोकळा घेतात आणि समोर बसलेल्या मुलीचा चेहरा त्यातून कोरून काढतात. ती कोरण्याची कला, दगडाची वाट. आयोवाची गाय कोरलेली नाही, ती थापलेली आहे. आधी लाकूड, धातू, तारा आणि पोलादी जाळीचा सांगाडा उभा राहतो. मग मऊ केलेलं लोणी त्याच्यावर हाताने थरावर थर लिंपतात. ही मातीची वाट, आपल्या ओळखीची.

बेंदराला आम्ही पोरं काळ्या मातीचे बैल करायचो. त्या बैलांचे पाय नेहमी आखूड आणि जाड. बारीक केले तर बैल बसायचा. मातीच्या ताकदीने बैलाचा बांधा ठरायचा. लोणी तर मातीहून कमजोर. तरी या गाईचे पाय खऱ्या जर्सीसारखे सडपातळ, मागच्या पायाच्या सांध्याला नेमका बाक. ती आतल्या पोलादाची कमाई आहे. आणि बाहेरून पोलादाचा मागमूस नाही. वर लोण्याचा मऊपणा पुन्हा कामाला येतो. कातडी हाडावर ताणलेली आणि पोटावर सैल, हा फरक दगडात दाखवायला कसब लागतं. लोण्यात तो अंगठ्याच्या एका दाबाने येतो, फक्त अंगठा कुठे दाबायचा ते कळलं पाहिजे.

आकडे मोठे गमतीचे आहेत. गाय साधारण साडेपाच फूट उंच आणि आठ फूट लांब. तिला लागतं सुमारे ६०० पौंड लोणी, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे किलो. जत्रावाल्यांचा हिशेब असा, की एवढं लोणी पावाच्या १९,२०० कापांना पुरेल. पेटीतलं तापमान ४० अंश फॅरनहाइट, आपल्या मापात साडेचारच्या आसपास. एक पौंड लोण्याला ढोबळमानाने २१ पौंड दूध लागतं. म्हणजे ही एक गाय उभी करायला बारा हजार पौंडांहून अधिक दूध घुसळलं गेलं. खरी जर्सी हिच्याहून बरीच जड भरते, कारण ही आतून पोकळ आहे. खऱ्या गाईत दूध आत असतं. हिच्यात सगळं दूध बाहेर आलं आहे.

आणि यातच या कलाकृतीचं मर्म आहे. संगमरवराची राणी असते तेव्हा संगमरवराचा राणीशी काही संबंध नसतो. ब्राँझच्या घोड्याने ब्राँझ दिलेलं नसतं. इथे विषय आणि माध्यम यांचं नातं आई आणि तिच्या दुधाचं आहे. गाईने जे दिलं त्याचीच गाय केली. आशय आणि अभिव्यक्ती एकजीव असावी, असं आपण प्रत्येक रसग्रहणात लिहितो. ते शब्दशः खरं झालेलं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मग हे कोणाला सुचलं? इथे सौंदर्यातून एकदम बाजारात उतरावं लागतं. आयोवातली पहिली लोण्याची गाय १९११ साली झाली. शिल्पकार जे. के. डॅनियल्स. तो काळ लोण्याच्या आणि मार्गारीनच्या लढाईचा. मार्गारीन स्वस्त होतं, आणि पिवळा रंग दिला की लोण्यासारखं दिसायचं. दूधवाल्यांनी १८८६ मध्ये त्याच्यावर केंद्राचा कर बसवून घेतला, आणि १९०२ मध्ये रंगीत मार्गारीनवर पौंडाला १० सेंट इतका वाढवून घेतला. भांडण रंगाचं होतं. हा कर १९५० साली उठला, आणि विस्कॉन्सिन राज्याने तर रंगीत मार्गारीनवरची बंदी १९६७ पर्यंत उठवली नाही. हे कळल्यावर त्या गाईचा पिवळेपणा वेगळा दिसायला लागतो. तो निव्वळ माध्यमाचा रंग राहत नाही, तो दावा होतो. हा रंग आमचा आहे आणि तो इथून येतो, असं ती गाय नुसती उभी राहून सांगते. मार्गारीनला आपलं मूळ असं उभं करून दाखवता येणार नव्हतं. जाहिरात म्हणून याहून चोख कल्पना कोणत्या हुशार कंपनीला सुचली असेल?

पण जाहिरातीची कला झाली ती एका शेतकरी बाईमुळे. नॉर्मा लायन, टोपणनाव डफी. टोलेडो नावाच्या गावाजवळ तिचा दुभत्या गाईंचा गोठा होता, आणि नऊ मुलं. आयोवा स्टेट विद्यापीठात ती पशुविज्ञान शिकली आणि तिथेच ख्रिश्चन पीटरसन या शिल्पकाराच्या हाताखाली मूर्तिकाम शिकली. पीटरसनने त्याच विद्यापीठाच्या दुग्धशाळेच्या भिंतींवर गाईंची आणि दूधधंद्याची उठावशिल्पं घडवली होती. म्हणजे गुरूही गाईतला जाणकार. जत्रेवर कादंबरी लिहिणारा तो फिल स्टाँग नॉर्माचा सख्खा काका. तिच्याविषयी सांगतात ते असं, की १९५९ साली तिने पेटीतली गाय पाहिली आणि ही काही गाय नव्हे, असं तिला वाटलं. पुढच्याच वर्षी, १९६० साली, ते काम तिच्याकडे आलं आणि तिने ते २००५ पर्यंत केलं.

मला या गोष्टीतलं काम मिळणं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं आहे ते न पटणं. तिला ते शिल्प कलेच्या नियमांत बसत नाही म्हणून खटकलं नव्हतं, गोठ्याच्या नियमांत बसत नाही म्हणून खटकलं होतं. रोज पहाटे कासेला हात लावणाऱ्या बाईला खोटी कास सहन झाली नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात जाणत्या रसिकाला सहृदय म्हणतात. इथले सहृदय टोप्या घालून रांगेत उभे असतात. चित्रांच्या प्रदर्शनात गेलो की मला चार गोष्टी कळतात आणि सहा न कळता मी मान डोलावतो. पण या रांगेतला शेतकरी मान डोलावत नाही. कास सैल दिसली तर तो सरळ तसं म्हणेल. कलावंतापेक्षा विषय जास्त जाणणारा प्रेक्षक समोर असणं, ही जेवढी भीतीची गोष्ट तेवढीच भाग्याची. लायनबाईंना ते भाग्य लाभलं, आणि त्या स्वतः त्याच प्रेक्षकांतून उठून पेटीत शिरल्या होत्या. २०११ साली लोण्याच्या गाईला शंभर वर्षं झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्या गेल्या. २००६ पासून हे काम सारा प्रॅट करतात. त्या शिक्षिका आहेत, आणि त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी लायनबाईंच्या हाताखाली लोणी मळलं होतं. आपल्या गायकांच्या घराण्यात शोभेल अशी ही तालीम.

उणं काहीच नाही, असं मात्र नाही. गाईच्या शेजारी दरवर्षी आणखी काहीतरी लोण्याचं उभं असतं. १९९६ मध्ये आयोवाचाच चित्रकार ग्रँट वुड याच्या गाजलेल्या चित्रातला शेतकरी आणि त्याची मुलगी होती, १९९७ मध्ये एल्विस प्रेस्ली, १९९९ मध्ये येशूचं अखेरचं भोजन, २००७ मध्ये हॅरी पॉटर, २०२३ मध्ये केटलिन क्लार्क ही बास्केटबॉलपटू आणि इतर खेळाडू. कसब त्यातही आहे. पण एल्विस लोण्याचा का, याला उत्तर नाही. तो मेणाचाही चालला असता. गाईजवळ माध्यमाला कारण आहे, पाहुण्यांजवळ फक्त निमित्त आहे. लोक मात्र फोटो पाहुण्यांबरोबरच जास्त काढतात, हेही मी पाहिलं.

दुसरा आक्षेप मोठा. आज आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. राज्यात माणसं ३२ लाखांच्या आसपास आणि डुकरं त्यांच्या सात पटींच्या घरात. १९११ मध्ये घराघरांत दोनचार गाई पिळल्या जात, सायीचं लोणी विकून बाया किराणा भरत. ते गोठे बहुतेक बंद झाले, उरले ते मोठे झाले आणि त्यांच्यात यंत्रं धार काढतात. खऱ्या हिशेबाने पेटीत लोण्याची गाय असण्यापेक्षा चरबीचा डुक्कर असायला हवा. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपली म्हण आहे. रांगेतल्या आज्या नातवंडांना काचेतली गाय दाखवत होत्या तेव्हा मला ती आठवलीच. ही गाय प्रत्येक बाबतीत आदर्श आहे. हिची कास सुजत नाही, ही लाथ मारत नाही, आटत नाही, हिला खाटकाकडे जावं लागत नाही. आठवणीतली गाय अशीच असते.

सर्वांत कडक टीका २०१३ मध्ये झाली. प्राण्यांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या काहींनी रात्री इमारतीत लपून राहून या गाईवर लाल रंग ओतला आणि काचेवर सर्वांना स्वातंत्र्य हवं अशा अर्थाची घोषणा लिहिली. सकाळी दारं उघडायच्या आत कामगारांनी डागाळलेलं लोणी काढून गाय पूर्ववत केली. त्या लोकांचा मुद्दा कोणाला पटो न पटो, मला त्यांच्या कृतीत एक नकळत दिलेली दाद दिसते. लाल रंग रक्ताचा म्हणून ओतला. लोण्याला रक्त नसतं. म्हणजे त्यांनीही तिला गायच मानलं होतं.

माझ्या मते या शिल्पाची खरी उंची दुबळ्या माध्यमात नाही आणि आठवणींच्या गोडव्यातही नाही. ती त्या ४० गुणांच्या कासेत आहे. गोठ्यातली पोरगी जिवंत गाईला आदर्शाजवळ नेत होती आणि पेटीतली बाई आदर्शाला जिवंत गाईजवळ आणत होती. दोघींची मोजपट्टी एकच. एका आवारात, दोनतीनशे पावलांच्या अंतरावर, एकाच सौंदर्याचा दोन बाजूंनी शोध चाललेला पाहायला मिळतो, आणि त्या सौंदर्याची व्याख्या कोणा समीक्षकाने केलेली नाही. ती धार काढणाऱ्यांनी केलेली आहे. सकाळी मला हे शिल्प उथळ वाटलं, कारण मी ते शिल्प म्हणून बघायला गेलो होतो. ते गाय म्हणून बघायचं असतं.

जत्रा संपली की पेटी उघडतात. लोणी सांगाड्यावरून खरवडतात आणि शीतगृहात ठेवतात. त्यातलं बरंचसं पुढच्या वर्षीच्या गाईला पुन्हा लागतं, आणि असं दहा वर्षांपर्यंत चालतं. आमचे बेंदराचे बैल पावसात विरघळायचे आणि पुढच्या आषाढात आम्ही त्याच बांधावरची माती उकरायचो, तेव्हा तीच माती पुन्हा हाताला लागत असेल का, असा विचार मी तेव्हा केला नव्हता. या गाईच्या बाबतीत तो करावा लागत नाही. मी पाहिलेल्या कासेतलं काही लोणी आधी कुठल्या तरी गाईच्या खांद्यात होतं.

कधी ऑगस्टात त्या बाजूला गेलात, तर लोण्याच्या गाईच्या रांगेत लगेच उभे राहू नका. आधी गोठ्यात जाऊन या.